मदत हवी आहे: गोठ्यातील पाणी तापवणारा हौद हिवाळ्यात कमी विजेवर कसा चालवावा?

नमस्कार. सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ माझा गोठा आहे. सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि दोन श्वेत कपिला, म्हणजे २०२० साली जात म्हणून नोंद झालेली आपली गोव्याची गावठी गाय, एवढाच पसारा. डिसेंबरात पहाटे धुके उतरू लागले की संकरित गायी सकाळचे पाणी कमी पितात, असे गेली दोन वर्षे माझ्या लक्षात येत होते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असल्याने त्याचा परिणाम लगेच कॅनमध्ये दिसतो. गेल्या जानेवारीत रोजचे दूध ७४ लिटरांवरून ६७ वर आले. (श्वेत कपिलांची काहीच तक्रार नव्हती, हेही सांगायला हवे.)

माझा भाचा कॅनडात अल्बर्टा प्रांतातील एका डेअरीवर काम करतो. तिथे पारा उणे तीसपर्यंत घसरतो आणि गुरांचे पाणी गोठू नये म्हणून विजेवर तापणारे हौद वापरतात. त्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून, आणि त्याचे सांगणे अर्धवट ऐकून, मी नोव्हेंबरात २५० लिटरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याच्या हौदात दीड किलोवॅटचे एलिमेंट व थर्मोस्टॅट बसवून घेतले आणि थर्मोस्टॅट ३० अंशांवर ठेवला.

पहिली अडचण विजेची. छपरावरच्या टाकीतले पाणी सकाळी सहा वाजता १८ अंशांवर असते. तेवढा हौद ३० अंशांवर न्यायचा तर हिशेबाने साडेतीन युनिट लागतात आणि दोन तास वीस मिनिटे जातात. हौद दिवसातून दोनदा भरतो, म्हणजे सात युनिट झाले. प्रत्यक्षात सबमीटर रोज अकरा युनिट दाखवतो. वरचे चार युनिट उघड्या पाण्यातून वाफ होऊन आणि पत्र्यातून जात असावेत, असा माझा अंदाज आहे.

दुसरी अडचण देखभालीची आहे. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश असल्याने एलिमेंटवर तांबूस थर बसतो, आणि कोमट पाण्यात शेवाळ इतके लवकर धरते की दर तिसऱ्या दिवशी काथ्याने हौद घासावा लागतो.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाणी कोमट असूनही गायी ते नीट पीत नाहीत. माझी सर्वांत दुधाळ गाय हौदाशी येते, नाकपुड्या पाण्याला लावते, झटकन मान वर घेते, आणि मग कुत्र्यासारखी जिभेच्या टोकाने लपलप करत राहते. एरवी हीच गाय तोंड बुडवून एका दमात बादली रिकामी करते. दूध आता ६५ वर आहे. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा, हौदाला थर्माकोलचे आवरण द्यावे का, आणि गायींच्या या वागण्याचे कारण काय असावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आधी प्लग काढा, मग पुढचे वाचा. मी फोंडा भागात गोठ्यांचे वायरिंग करतो. जिभेने लपलप करणारी गाय बहुधा पाण्याला नव्हे, पाण्यातल्या विजेला बिचकते. तिच्या अंगाचा विद्युतरोध आपल्यापेक्षा बराच कमी असतो, शिवाय चारही पाय ओल्या जमिनीवर असतात, त्यामुळे आपल्या हाताला न जाणवणारे दोन-चार व्होल्टही तिला टोचतात. डिजिटल मल्टिमीटर एसीवर ठेवून हौदाचा पत्रा आणि गाय उभी राहते ती ओली फरशी यांच्यामधील व्होल्टेज मोजा, प्लग लावून आणि काढून. मोजताना पत्र्याला हात लावू नका, गायीही दूर बांधा. अर्थिंग तपासा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवल्याशिवाय गोठ्यात असले काही चालवू नये.

थर्मोस्टॅटबद्दल बोलायचे तर कॅनडाकडचे हौद पाणी गोठू नये एवढ्यासाठी चार-पाच अंशांवर ठेवतात. त्यांच्या भिंतींत फोम भरलेला असतो आणि वर तोंड जाईल एवढेच भोक असते. आपल्याकडे १८ अंशांच्या पाण्याने गाय आजारी पडत नाही. तरीही कोमट द्यायचे असेल तर विहिरीला विचारा. जमिनीखालचे पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असते, म्हणजे आपल्याकडे २६-२७ अंश. तुम्ही ते संध्याकाळी छपरावर चढवून रात्रभर थंड करता आणि सकाळी पैसे भरून तापवता.

धागाकर्ता, चार दिवसांनी:

आपला अत्यंत आभारी आहे. प्लग लावलेला असताना २.८ व्होल्ट, काढल्यावर ०.१. अर्थिंगची तार चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत जेमतेम दीड हात गाडलेल्या गजाला बांधलेली निघाली. हौदाशी मुले खेळतात, हे आठवून त्या रात्री झोप लागली नाही. एलिमेंट काढून टाकले आहे. आता पहाटे साडेपाचला पंप लावून थेट हौद भरतो. पाणी २६ अंशांचे असते. पहिले दोन दिवस ती गाय दुरूनच वास घेत होती, आज मात्र कानापर्यंत पाण्यात गेली. पंपाला टायमर लावायचा विचार आहे. मार्चनंतर विहिरीची पातळी उतरते, तेव्हा पंप कोरडा चालू नये म्हणून त्याला कोणता स्विच जोडावा, एवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.