मदत हवी आहे: २१४० सालच्या वादळात लाकडी नळीनं बाळाचे ठोके ऐकता येतील का?

मंडळी, विज्ञानकथा लिहितेय. गाव हर्णै, साल २१४०. पोटावर चिकटवलेली चकती बाळाचे ठोके परस्पर दवाखान्याला कळवते, डॉक्टरला कान लावावाच लागत नाही. मग वादळ येतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेच डोळ्यांसमोर आहे. चकत्या बंद पडल्यात आणि दिवस भरलेली बाई दारात उभी.

डॉक्टर माळ्यावरून पूर्वजांची पेटी काढते. खाऱ्या दमट हवेत रबर टिकणार नाही, म्हणून पाऱ्याच्या बीपी यंत्राचा पट्टा आणि फुगा मी बाद केला. सुया गंजल्या. काचेची सिरिंज आहे, पण दट्ट्या दुसऱ्याच जोडीतला, तो बसत नाही. वाळवीतून वाचलीय ती कर्ण्यासारखी लाकडी नळी. फ्रेंच डॉक्टर पिनार यांनी १८९५ मध्ये काढलेली, तीच.

रुंद तोंड पोटावर, दुसऱ्या टोकाला कान, आणि नळीवरचा हात काढून घ्यायचा, म्हणजे बोटांचा आवाज येत नाही. त्याच वेळी आईची नाडी धरायची, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे समजून मोजले जातात. इथवर जमलं. पण मिनिट कसं मोजणार? सेकंदकाट्याचं घड्याळ गावात उरलेलं नाही. म्हणून मी जाळ्याचं शिसं दोरीला बांधून खुंटीला टांगलंय. खुंटीपासून शिशाच्या मध्यापर्यंत साधारण ९९ सेंटिमीटर ठेवलं की एका बाजूकडून दुसरीकडे जायला एक सेकंद लागतो. तांडेलकाका मनात साठ मोजून हात वर करतात, तोवर ती ठोके मोजते. ११० ते १६० च्या दरम्यान आले तर बाळ ठीक.

माझी आत्या आरोग्य केंद्रात नर्स होती. ही नळी तिच्या पिशवीत कायम असायची. तिला विचारायचं राहून गेलं, आता ती नाही. म्हणून ज्या सिस्टरांनी, डॉक्टरांनी ही नळी स्वतः वापरलीय त्यांना विचारते. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ठोके ऐकू येतात का? बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे हे आधी हातानं चाचपून ठरवायचं ना? आणि मुख्य म्हणजे, शिकताना पहिल्यांदा ठोके नक्की ओळखू यायला तुम्हाला किती दिवस लागले? माझ्या डॉक्टरकडे एकच रात्र आहे. ते खोटं वाटणार असेल तर कथाच बदलेन.