मदत हवी आहे: काठीच्या होळीचे रात्रीचे फोटो, फुल फ्रेम घ्यावा की आधी लेन्स?

राम राम मंडळी. मी तळोद्याचा. यंदा अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर होतो. कमरेला भोपळे, पायात घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगभर पांढरे ठिपके. होळी पेटते ती पहाटे, तोवर उजेड फार थोडा.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फोटो टिपणारी चिप फुल फ्रेमपेक्षा लहान), २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी). ५५ वर ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. नाचणारे पुसट येऊ नयेत म्हणून शटर १/१२५ सेकंद ठेवला, तर आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारी सेटिंग, वाढली की फोटोत नॉइजचे दाणे येतात) १२८०० वर गेला. स्क्रीनवर फोटो बरे वाटले. पण बुध्या (असा साज करून नाचणारा) झालेल्या एका आजोबांना फोटो मोठा करून द्यायचा शब्द दिला होता. १२ बाय १८ इंची प्रिंट काढली, तर अंगावरचे ठिपके कुठले आणि नॉइजचे दाणे कुठले हेच कळेना. ती नेऊन द्यायला मन धजत नाही. फ्लॅश मी वापरत नाही. नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि त्या रात्रीचा रंगच जातो.

मित्र म्हणतो फुल फ्रेम घे. तो सेन्सर ३६ बाय २४ मिमी, माझा २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.३५ पट. फोटो खरंच तेवढा साफ येईल का? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत: सेकंड हँड बॉडी किंवा नवी लेन्स.

प्रतिसाद:
भाऊ, आधी लेन्स घ्या. मोठ्या सेन्सरने फायदा होतोच, पण तुमच्या हिशोबाने तो सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एफ १.८ ची लेन्स घेऊन एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की उजेड साडेनऊ पटींहून जास्त, म्हणजे सव्वातीन स्टॉप. तोच फोटो आयएसओ १३०० च्या आसपास निघाला असता. शिवाय क्रॉपची किट लेन्स फुल फ्रेमवर लावली तर सेन्सरचा मधलाच भाग कामाला येतो. बॉडीपाठोपाठ लेन्सचाही खर्च येईल.

गर्दीत ३५ मिमी सोयीची, चेहऱ्यांना ५० मिमी. पुढे फुल फ्रेमचा विचार असेल तर त्यावर पूर्ण चालणारीच बघा. बॉडीत फोकस मोटर नसेल तर लेन्समध्ये ती हवीच, नाहीतर अंधारात हाताने फोकस करत बसाल. ५० मिमीला एफ १.८ वर ३ मीटरवरचा माणूस जेमतेम पाव मीटर खोलीत फोकसमध्ये राहतो. नाचणारा पुढे-मागे होतो, म्हणून एफ २.५ वर सराव करा.

आजोबांच्या फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल) आहे का? असेल तर नॉइज बेताने कमी करून ८ बाय १२ ची मॅट प्रिंट काढा. लहान प्रिंटमध्ये दाणे तेवढे उठून दिसत नाहीत.

धागाकर्ता:
दादा, रॉ आहे. उद्याच नंदुरबारला प्रिंट टाकतो आणि काठीला जाऊन येतो. ३५ की ५० ते अजून ठरत नाहीये. तिथे कोणी ३५ ने फोटो काढले असतील तर कृपया दाखवा.