माहुलची हवा: गाडीवरचं मास स्पेक्ट्रोमीटर पुरेल का?

नळीवाला:
'पीटीआर-एमएस (हवेतल्या वाफा जागेवरच मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर) गाडीवर टाका, मुंबईत रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलभर फिरवा, सेकंदात बेंझिन (तेलाच्या वाफेतलं विषारी रसायन) कळतं. हवेच्या नमुन्याच्या नळ्या भरून लॅबला पाठवायची थेरं बंद करा', असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. राहवेना म्हणून लिहितोय. हे यंत्र हायड्रोनियमकडून (प्रोटॉन जोडलेलं पाणी, H₃O⁺) रेणूला प्रोटॉन देतं आणि वस्तुमान मोजतं. बेंझिन दिसतं वस्तुमान ७९ वर. पण इथाइलबेंझिन या त्याच्या भावंडाचा तुकडाही ७९ वरच पडतो, आणि तेलाच्या टाक्यांच्या आसपास दोन्ही असतात. झायलीन आणि इथाइलबेंझिन १०७ वर एकत्र. लहान अल्केन (प्रोपेन, ब्युटेनसारखे) तर दिसतच नाहीत. वेगळं करायला जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक सुटे करणारं लॅबचं यंत्र) लागतंच. केस झाली तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल.

गव्हाणची:
वकिलाचं नंतर बघू. वास सुटतो रात्री दीडला. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते, तरी सासूबाईंची धाप थांबत नाही. फोन केला तर माणूस सकाळी नळी घेऊन येतो, तोवर वारा फिरलेला. मग अहवालात 'मर्यादेत'. तुमची अचूक नळी आम्हाला काय कामाची?

कुर्ल्याचा:
मुळात तानसा पाइपलाइनलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या लोकांना माहुलला नेलंच का? हायकोर्टाने २०१९ मध्ये सरकारला त्यांना महिना १५,००० भाडं द्यायला सांगितलं. हरित लवादाने २०२० मध्ये कंपन्यांना दंड ठोठावला, तोही याच वाफांवरून. तेव्हा कुठलं गाडीवरचं यंत्र होतं?

नळीवाला:
विषय मोजमापाचा आहे, पुनर्वसनाचा नाही. वेगळा धागा काढा.

कुर्ल्याचा:
वेगळा कसा? ज्यांच्या नाकात वास जातो ती माणसं वेगळ्या धाग्यात ढकलायची? माझा मेहुणा तिथली खोली सोडून परत भाड्याने राहतोय. त्याला ७९ आणि १०७ सांगून बघा.

गव्हाणची:
आवाज चढवू नका. माझं एकच म्हणणं आहे: बेंझिनचं आपलं २००९ चं मानक वार्षिक सरासरीचं, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. एका रात्रीचा झोत त्या सरासरीत विरून जातो. सेकंदासेकंदाचा आकडा नसेल तर ती रात्र कागदावर येणारच नाही.

नळीवाला:
हे मान्य करावं लागेल. झोत पकडायला पीटीआर-एमएसच हवं. पण आकडा चढला की त्याच मिनिटाला कॅनिस्टर (हवेचा नमुना भरायचा डबा) भरा आणि जीसी-एमएसला (जीसीला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर) द्या. नुसत्या गाडीच्या आकड्यावर केस उभी राहणार नाही, यावर मी ठाम आहे.

कुर्ल्याचा:
चालेल. पण गाडी रात्री दीडला माहुलला उभी राहील, हे लेखी कोण देणार?