शहराजवळच्या खेड्यात राहायला जावं का?

मुक्कामशोध्या:
शहरापासून ३० किलोमीटरवरच्या एका खेड्यात भाड्याचं घर मिळतंय. घर बघायला गेलो तेव्हा अनोळखी माणसंही थांबून बोलली. बायको घरून काम करते, मला आठवड्यातले चार दिवस शहरात जावं लागतं. मुलगी सहा वर्षांची. आम्ही दोघंही फ्लॅटमध्ये वाढलेले, समोरच्या दारातल्या माणसाचं नाव माहीत नसलं तरी आमचं काही अडत नाही. गावात आमचा निभाव लागेल का? 'स्वर्ग आहे' आणि 'वेडे झालात का' ही दोन्ही उत्तरं घरच्यांकडून मिळाली आहेत, तेव्हा ती सोडून बोला.

वेशीवरची:
मी बरीच वर्षं अशाच गावात राहते. आधी मनाची तयारी सांगते, घराचं नंतर.

गाव प्रेमळ असतं म्हणजे गावाचं तुमच्यावर लक्ष असतं. मला ताप होता, दुपारपर्यंत खिडकी उघडली नाही, तर शेजारच्या आजी दार वाजवून गेल्या. संध्याकाळपर्यंत ताप किती होता हे कोपऱ्यावरच्या घरालाही माहीत! यातलं दार वाजवणं तेवढं हवं आणि बातमी नको, असं चालत नाही. हे ज्यांना सोसत नाही त्यांनी खरंच येऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं, मदत मागा. शहरातून येणारे बहुतेकजण कुणाला त्रास नको म्हणून सगळं आपलं आपण करत बसतात, आणि गाव त्याला शिष्टपणा समजतं. मी एकांकडे शिडी मागायला गेले, तर शिडीसोबत ते स्वतःच आले. पन्हाळ कुठे गळते, आधीच्या भाडेकरूनं काय करून ठेवलंय, हे सगळं सांगून तासाभरानं गेले. त्यानंतर मी 'त्या नव्या बाई' राहिले नाही. वस्तू मात्र त्याच दिवशी परत करा. आणि पहिल्या वर्षी गावसुधारणेच्या सूचना अजिबात देऊ नका, कितीही चांगल्या असल्या तरी.

आवाज आणि वास येणारच. हंगामात रात्री अकराला ट्रॅक्टर चालतो, शेतात खत पडलं की चार दिवस खिडक्या बंद. फ्रान्समध्ये मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून सुट्टीच्या घराचे मालक कोर्टात गेले होते. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, आणि २०२१ मध्ये तिथल्या संसदेनं खेड्यातल्या आवाज-वासांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदाच केला. तुम्ही तक्रार कराल तर बाजू कुणाची घेतली जाईल ते समजून घ्या.

आता घर. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर तपासून घ्या, विशेषतः नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. शेतीच्या भागात ती ओलांडली जाऊ शकते, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला ते मालकाला विचारा. तो 'बघावं लागेल' म्हणाला तर उपसलेला नाही. मोबाइलची रेंज अंगणात नको, वहिनी जिथे कामाला बसणार त्या खोलीत बघा.

परतलेला:
माझं गावावर प्रेम होतं, रस्त्यानं मारलं. ३० किलोमीटर ऐकायला काही नाही, पण निम्मा वेळ शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जातो. चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळात दिवसाला साधारण तासभरच प्रवास करत आलाय. मी रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट करत होतो. शेजाऱ्यांशी गप्पा मारायला घरी पोचायला तर हवं ना! घर रविवारी बघू नका. कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, जमल्यास पावसात तो रस्ता करून बघा.

रात्रपाळी:
नर्स आहे म्हणून एवढंच विचारते: रुग्णवाहिका किती वेळात येते? कागदावरचा आकडा नको, मागच्या वेळी कुणाकडे आली होती त्यांनाच विचारा. हृदय बंद पडल्यावर छाती दाबली गेली नाही, शॉक मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तेव्हा दोघांनीही सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचा प्रथमोपचार, शिकून घ्या. शेजाऱ्यांपैकी कुणाला येतो का तेही विचारा, गावात अशी माहिती लगेच मिळते.

मुक्कामशोध्या:
रस्ता सोमवारी करून बघतो. वेशीवरची ताई, मुलीचं काय? तिथे ती रमेल का?

वेशीवरची:
आत्ता मजेत रमेल. तिच्या वयाची मुलं गल्लीत किती आहेत ते मोजा, दोन-तीन पुरतात. प्रश्न पुढे येतो. पोरं चौदा-पंधराची झाली की सगळ्या मैत्रिणी शहरात, शेवटची बस लवकर, आणि तुम्ही ड्रायव्हर. माझी थोरली अजून त्यावरून बोलते. धाकटा मात्र गाव सोडायचं नाव काढत नाही.