मदत हवी आहे: पहिल्या वर्षाच्या मुलांच्या सी प्रोग्रॅमची शैली आपोआप कशी तपासावी?

नमस्कार मंडळी,

मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सी शिकवते. ७० मुलं, आठवड्याला प्रत्येकी दोन प्रोग्रॅम. उत्तर बरोबर आलं की मुलांच्या लेखी काम संपतं, पण कोड वाचवत नाही: सगळं मेन या एकाच फंक्शनमध्ये कोंबलेलं, इंडेंटेशनचा (ओळी आत सरकवून लिहिण्याचा) पत्ता नाही.

जीसीसी या कंपायलरला -Wall -Wextra (जास्तीचे इशारे दाखवणारे पर्याय) लावायला शिकवलं, त्याचा खूप उपयोग झाला. इफच्या कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम मुलं आता स्वतःच शोधतात. क्लँग-फॉरमॅट मात्र मी बंद केलं. ते सगळं स्वतःच नीट करून देतं, मग मुलांचा हात वळणार कसा?

आता क्लँग-टायडी हे कोड तपासून इशारे देणारं साधन वापरून पाहते आहे. खरी अडचण इथे आहे. व्हेरिएबलचं नाव किमान तीन अक्षरांचं हवं असा नियम लावला, तर एका मुलाने a चं aaa केलं. नियम पाळला गेला, पण व्हेरिएबलमध्ये काय आहे ते कळलंच नाही. शिवाय टक्केवारी काढताना १०० ने गुणलं तरी 'मॅजिक नंबर' (नाव न देता कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा) म्हणून इशारा येतो. (तो आकडा वगळता येतो, तेवढं मी केलं.) बारा-पंधरा इंग्रजी इशारे एकदम दिसले की मराठी माध्यमातून आलेली मुलं घाबरून वाचतच नाहीत.

नवशिक्यांसाठी तुम्ही नेमके कोणते नियम ठेवलेत? इशाऱ्यांच्या जागी मराठी वाक्यं दाखवणारी स्क्रिप्ट कोणी लिहिली आहे का? आणि शैलीला गुण द्यावेत की नुसत्या सूचना? पुढची प्रॅक्टिकल सोमवारी आहेत.