नव्या 'कँडीमॅन'मध्ये कोटा कुणाला दिसतो?

परळचा_भाडेकरू:
काल इथे एकाने लिहिलं, "1992 चा 'कँडीमॅन' हा हॉलिवूडचा भुताचा पिक्चर क्लासिक. 2021 च्या नव्यात नायक काळा, दिग्दर्शिकाही काळी. म्हणजे हॉररमध्येसुद्धा आरक्षण. भुताला कुठे जात असते?" वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (रिमेक की पुढचा भाग, यावर कृपया भांडू नका.)

साहेब, जुना नीट बघितलाय का? भूत त्यातही काळंच आहे. गुलामाचा मुलगा, चित्रकार. गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून हात तोडून, अंगावर मधमाश्या सोडून मारलेला. बरं, तुम्ही ज्याला मूळ म्हणता ते तरी कुठे मूळ? क्लाइव्ह बार्करची कथा लिव्हरपूलची. दिग्दर्शक बर्नार्ड रोझने ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब काळ्यांच्या सरकारी वस्तीत नेली, तेव्हा त्या भुताला इतिहास मिळाला. फक्त तो खणून काढायला एक गोरी संशोधक लागली. नव्याची दिग्दर्शिका निया डाकोस्टाने त्याच वस्तीत जन्मलेल्या पोराला नायक केलं, एवढंच. अमेरिकेत पिक्चर पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरवर आला, काळ्या दिग्दर्शिकेच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. कोट्यातून तिकिटं खपत नाहीत.

आणि भुताला जात नसते म्हणे! ज्या घरात मुंज लागत नाही, त्या घरात मुंजा कुठून येणार?

शिवाजीपार्क_कट्टा:
ती पोस्ट माझीच. झोंबली ना? मग झालं. जुन्यात हेलन, म्हणजे तीच गोरी संशोधक, आपल्या बाथरूममधलं आरशाचं कपाट काढते. मागे भोक, पलीकडे शेजारचं घर. तिची महागडी बिल्डिंगही मुळात गरिबांसाठी बांधलेली, नंतर प्लास्टर थापून विकलेली. एका आरशात सगळं सांगून मोकळा झाला. नव्यात लोक दिवाणखान्यात बसून वस्त्या कशा गिळल्या जातात यावर लेक्चर देतात. मला भीती हवी, सेमिनार नको.

मालवणी_मावशी:
लेक्चरचं खरंय, नाइलाजाने म्हणते. पण 1968 साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या हॉररचा नायक ड्वेन जोन्स हा काळा नट होता. 1990 च्या रिमेकमध्ये थिजून बसणारी बार्बरा बंदूक घेऊन उभी राहिली. त्याने कुणाची भीती कमी झाली? आणि शिकागोचं एवढं दुखतंय, तर आपल्या 'लपाछपी'चा 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' झाला तेव्हा कुठे होतात? दिग्दर्शक तोच, विशाल फुरिया. उसाची शेतं राहिली, मराठी गाव गेलं.

शिवाजीपार्क_कट्टा:
मावशी, ऊस उत्तरेतही पिकतो. आणि मराठीच्या प्रेमापोटी त्याने उपाशी राहायचं का?

करी_रोड_बी_विंग:
त्या आरशामागच्या भोकावर बोलायचंय. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. वडील गिरणीत होते, 82 च्या संपात घरी बसले ते बसलेच. घर मिळेपर्यंत राहायच्या ट्रान्झिट कॅम्पातच आई वारली. आता घर मिळालंय. सेल बिल्डिंगला, म्हणजे बाहेरच्यांना विकलेल्या घरांच्या इमारतीला, लॉबी, झुंबर, वॉचमन सलाम ठोकतो. आमच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या रिहॅब इमारतीचं गेट मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की त्यांच्या पार्किंगची भिंत लागते. कॅब्रिनी-ग्रीनची शेवटची उंच इमारत 2011 मध्ये पाडली. तिथल्या माणसांची गोष्ट त्यांच्यातल्याच बाईने सांगितली तर तुम्हाला लेक्चर वाटतं. आमची कोण सांगणार?

कांदिवलीकर_कट्टर:
मोक्याच्या जागी फुकट घर मिळालं, वर रडगाणं. आम्ही अजून हप्ते फेडतोय.

करी_रोड_बी_विंग:
फुकट? आजोबांनी पागडी मोजली होती. आणि मेंटेनन्सचं बिल बघा, मग बोला. आमच्या मजल्यावरची दोन घरं भाड्याने देऊन माणसं बदलापूरला गेली, परवडेना म्हणून.

कांदिवलीकर_कट्टर:
म्हणजे घरबसल्या भाडं खातायत. बरंय की.

करी_रोड_बी_विंग:
तोंड सांभाळून बोला.

परळचा_भाडेकरू:
अहो, मूळ विषय काय होता?

शिवाजीपार्क_कट्टा:
घ्या, तुमच्या समाधानासाठी 'आरक्षण' खोडलं. 'लेक्चर' खोडणार नाही. बाकी बी विंग, तुमच्या मागच्या गेटवर कुणी भुताचा पिक्चर काढलाच, तर पहिलं तिकीट माझं. नायकाने भाषण ठोकलं की मात्र उठून जाईन.

मालवणी_मावशी:
आधी शो तर मिळू दे! मराठी पिक्चर लावणार सकाळी साडेनऊला, तोही गिरणीच्या जागेवरच्या मॉलात.

कांदिवलीकर_कट्टर:
ते असो. मेंटेनन्स किती येतो, ते अजून सांगितलं नाहीत.