तळ्यात जिलेबी मासा माजलाय, मृगाच्या आत काय करता येईल? (मदत हवी आहे)

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थेट विचारूलालोय. आमच्या तळ्यात जिलेबी माजलीय. जाळं टाकलं की तीच वर येते, बोटाएवढी नाहीतर तळहाताएवढी. मरळ गेली, डोकऱ्या गेला, खवली तर पोरांना दाखवायलासुद्धा मिळत नाही. मृग लागायच्या आत बंदोबस्त करायचाय. काय टाकायचं आणि किती टाकायचं, तेवढं सांगा. मत्स्य खात्यात जाऊन विचारा असं कुणी सांगू नका, ते करून झालंय.

गडहिंग्लजचा बापू
जिलेबी म्हणजे चिलापीच ना? तिलापिया? फोटो टाका की. आणि तळं म्हणजे शेततळं का गावतळं? त्यावर सगळं ठरतंय.

जांबोटीकर
होय, तिलापियाच. पाठीवर काट्यांचा लांब पंखा, रंग करडा, विणीला आला की नर काळा पडतो आणि गळा तेवढा पांढरा राहतो. तळं गावचं आहे. आता सांगा.

शेततळे निपाणी
मोहाची पेंड. दुसरा विचारच करू नका. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २५०० किलो. भिजवून सगळीकडे सारखी पसरायची आणि जाळं ओढून पाणी ढवळायचं. पेंडीतलं सॅपोनिन नावाचं विष कल्ल्यांतून रक्तात जातं, मासे वर येतात. ते खायलाही चालतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर उतरतो आणि पेंडीचं खत होतं, म्हणजे पुढच्या बीजाला, सोडायच्या पिल्लांना, फायदा. पेंड मिळाली नाही तर ब्लीचिंग पावडर, तेवढ्याच पाण्याला ३५० किलो. मी माझं शेततळं असंच तयार करतो आणि एक जिलेबी शिल्लक राहत नाही.

नदीवेडा
निपाणीकर, मात्रा तुम्ही बरोबर सांगितलीत, पण ती बाहेर पाणी न जाणाऱ्या खासगी तळ्याची. जांबोटीकर, पेंड आणायला जाऊ नका. आधी हे सांगा: गुरं पाणी पितात का? सांडवा कुठे जातो? उन्हाळ्यात तळं पूर्ण आटतं का? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात कुणी बीज सोडलं होतं का?

जांबोटीकर
गावचं तळं म्हटल्यावर गुरं पिणारच की ओ. बायका धुणं धुतात, गणपती तिथंच जातात. निम्मं आटतं, मधला डोह आटत नाही. सांडवा ओढ्याला, ओढा मलप्रभेला. हे सगळं कशाला पाहिजे? औषध सांगा.

नदीवेडा
कारण या चार ओळींनी उत्तर पार बदललं. तुमचं तळं मलप्रभेला जोडलेलं आहे. कणकुंबीला उगवलेली ही नदी तुमच्याकडे अजून लहान आहे, ओढ्यांच्याच पाण्यावर चालते. पेंड टाकून वळवाचा एक मोठा पाऊस झाला आणि सांडवा वाहिला, तर ते पाणी ओढ्यात जाणार. विष मासा ओळखून मारत नाही. डोहाच्या तळाशी एखादी मरळ, एखादी वांब अजून लपून असेल तर तीही जाईल, मुऱ्यांसारखे तळाचे छोटे मासे जातील, झिंगे जातील. आणि तिलापियाच्या दोन-चार जोड्या काठच्या गवतात वाचल्या तर पुढच्या हंगामात रिकामं तळं त्यांचंच. शिवाय सार्वजनिक पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

बीज कुणी सोडलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

शेततळे निपाणी
कायदा दाखवून मासा कमी होत नाही. मी अनुभवाचं बोलतोय. नुसत्या जाळ्याने तिलापिया संपल्याचं एक तळं मला दाखवा.

सुमनताई
आमच्याकडे ही मासळी आम्ही आवडीने खातो. चिखलाचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. मीठ-हळद लावून ताकात अर्धा तास ठेवा, मग धुऊन आलं-लसूण, कोकमाचं आगळ आणि बेडगी मिरचीचं तिखट लावा, रव्यात घोळून तव्यावर भाजा. पाठीचे काटे आधी कात्रीने कापून घ्या, हाताला फार लागतात. मुलंसुद्धा खातात.

जांबोटीकर
ताई, खायचं कसं हे विचारलं नव्हतं. मरळीच्या रश्शाची सर याला नाही.

नदीवेडा, बीज पंचायतीच्या ठेकेदाराने सोडलं होतं. रोहू-कटल्याचं. जिलेबीचं नव्हे.

नदीवेडा
हेच हवं होतं, आणि पहिल्याच पोस्टीत हवं होतं. रोहू-कटल्याच्या बीजात तिलापियाची पिल्लं मिसळून येणं ही नेहमीची गोष्ट आहे. एवढंसं पिल्लू घाईत कुणाला ओळखू येतं? पुढच्या वेळी पिशवी तळ्यात ओतायच्या आधी थोडं बीज पांढऱ्या परातीत काढून बघा. तिलापियाच्या पिल्लाच्या पाठीच्या पंखावर, मागच्या बाजूला, काळा ठिपका असतो. रोहू-कटल्याच्या पिल्लाला तो नसतो, आणि त्यांच्या पाठीचा पंख आखूड असतो, काट्यांची रांग नसते. उन्हात परात धरली की ठिपका लगेच दिसतो.

आणि एक लक्षात घ्या. रोहू, कटला, मृगळ हेही कृष्णेच्या खोऱ्यातले नव्हेत. गंगेकडचे मासे माणसांनी इकडे आणलेत. ते तळ्यात सहसा वीत नाहीत, म्हणून माजत नाहीत एवढंच. तिलापियाचं तसं नाही. १९५२ मध्ये तो भारतात आणला, मूळ आफ्रिकेचा. दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि थोड्या थोड्या आठवड्यांनी वीत राहतो. गर्दी झाली की वाढ खुंटते, पण वीण थांबत नाही, म्हणूनच तुम्हाला तळहाताएवढेच दिसतात. मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. आपली खवली पाण्यात अंडी टाकून निघून जाते. मरळ-डोकऱ्या पिल्लं राखतात, पण वर्षातून ठरावीक काळातच वितात. पिल्लांचं खाद्य, काठची उथळ जागा, शेवाळ, सगळं जिलेबीच्या झुंडीने व्यापलं की आपल्या माशांच्या पिल्लांना वाढायला जागाच उरत नाही.

गडहिंग्लजचा बापू
बरोबर हाय. आमच्या हिरण्यकेशीचंच बघा. आंबोलीला तिच्या उगमापाशी, महादेवाच्या कुंडात, एक मुऱ्याची जात सापडली. २०२० ला जगापुढं आली आणि नदीचंच नाव तिला दिलं. २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला तुमच्या कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. एवढ्याशा कुंडात उद्या कुणी गप्पी नाहीतर चिलापी सोडली तर काय राहील? आमच्याकडं डास मारायचे म्हणून दिसेल त्या पाण्यात गप्पी सोडायची सवय लागलीय. टाकीत सोडा, हौदात सोडा, झऱ्यात कशाला?

विहीर-हिडकल
मध्ये विचारतो, माफ करा. आमच्या विहिरीत काळा, खरखरीत, ठिपक्यांचा मासा झालाय. तोंड खालच्या बाजूला, भिंतीला चिकटून बसतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडाचं कवच. पुतण्याने काचेच्या टाकीतला आणून सोडला होता. कालव्यात सोडून देऊ का?

नदीवेडा
अजिबात नको! तो सकरमाउथ, दुकानात प्लेको म्हणतात, दक्षिण अमेरिकेतला. नदीत गेला की काठाला बिळं करतो, पंखांच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाडतो. हवा गिळून जगतो, म्हणून पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. विहिरीतून काढून मारा आणि पुरून टाका. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

रानवाट खानापूर
मला इथे स्पष्ट बोलायचं आहे. मीही याच तालुक्यातली. खवली गेली ती एकट्या जिलेबीमुळे नाही. मृगाचा पहिला लोंढा आला की दर ओढ्यावर माणसं उभी असतात. चढणीचे मासे म्हणजे पोटात गाभोळी भरलेल्या माद्या. अंडी टाकायला नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भाताच्या खाचरांत चढणारी मासळी आपण बादल्या भरभरून नेतो. एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. जांबोटीकर, तुमच्या ओढ्यावर चढण कोण मारतं?

जांबोटीकर
ताई, चढणीचे मासे आमच्या आज्या-पणज्यापासून मारतात. तेव्हा खवली संपली नाही, आता कशी संपेल? जिलेबी आली आणि खवली संपली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. विषय बदलू नका.

रानवाट खानापूर
विषय हाच आहे. आज्याच्या काळात बांबूची बुट्टी लावायचे, बाजूने निम्मे मासे वर निसटायचे. आता पूर्ण ओढ्याला मच्छरदाणीची जाळी आडवी लावतात, काही ठिकाणी विजेची तार टाकतात. वर काहीच पोचत नाही. वरून जिलेबी आणि खालून जाळी, दोन्हींच्या मध्ये खवली सापडलीय.

शेततळे निपाणी
हे सगळं ठीक. पण तिलापियाला एवढं वाईट ठरवू नका. गिफ्ट या सुधारित जातीचे, नुसते नर असलेले पिंजऱ्यात वाढवले तर भाव मिळतो. गावाने ठेका घ्यावा, उत्पन्न होईल.

नदीवेडा
परवाना घेऊन, बंदिस्त जागेत, बीज तपासून कुणी करत असेल तर माझी हरकत नाही. सांडवा नदीला जाणाऱ्या गावतळ्यात नको. हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात सिल्व्हर कार्प हा परदेशी मासा चुकून शिरला. बघता बघता तिथल्या मासेमारीत तोच भरला आणि कटला, महसीर मागे पडले. एकदा नदीला लागलेला मासा परत काढता येत नाही. थाय मागूर या परदेशी माशाचंही तेच झालं. केंद्राने २००० साली बंदी घातली, तरी तो अजून बाजारात दिसतो.

सह्याद्री गळवाला
पेंड कशाला, महसीर सोडा! नदीचा राजा आहे, जिलेबी खाऊन टाकेल.

नदीवेडा
नको. महसीरला वाहतं, थंड, स्वच्छ पाणी लागतं, गावतळ्याच्या साचलेल्या पाण्यात तो विणार नाही. कावेरीत काय झालं ते बघा. आपल्या कृष्णा खोऱ्यातला निळ्या पंखांचा महसीर तिथे हौसेने सोडला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे हटला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपला मासाही चुकीच्या नदीत परकाच असतो.

जांबोटीकर
मंडळी, माहिती चांगली आहे, पण मी काय करू ते अजून कुणी सांगितलं नाही. मृग जवळ आलाय.

नदीवेडा
सांगतो. आत्ता पाणी सगळ्यात कमी आहे, हाच काळ. काठाजवळ उथळ पाण्यात परातीएवढे गोल खळगे दिसतील, त्या नराने केलेल्या विणीच्या जागा. तिथून सुरुवात करा. बारीक डोळ्याचं ओढजाळं, दोन्ही काठांवर माणसं, आणि तळं परत परत ओढायचं. एकदा ओढून थांबलात तर उपयोग नाही. जाळं काठाला आलं की माद्या तोंडातली पिल्लं टाकतात, म्हणून जाळं पाण्यातच मोकळं करू नका, पूर्ण वर कोरड्यावर ओढा. जवळ पाण्याने भरलेले दोन-तीन पिंप ठेवा. मरळ, वांब, शिंगाळा, खवली, जे काही आपलं सापडेल ते लगेच पिंपात आणि मग परत डोहात. जिलेबी एकही परत टाकायची नाही, लहानही नाही.

नंतर मरळ. हॅचरीतली नको, शेजारच्याच ओढ्यातली घ्या. वीतभर झालेली मरळ जिलेबीची पिल्लं खाते. त्याने जिलेबी संपणार नाही, पण आवरेल. तोवर मरळीवर गळ टाकायला गावाने बंदी घालावी.

आणि सांडव्याला जाळी. पुढे जाड तारेची, पालापाचोळा अडवायला, मागे बारीक. रोज साफ करावी लागेल, नाहीतर तुंबून बांधावर पाणी चढेल.

जांबोटीकर
जाळी लावली तर चढणीचे मासे तळ्यात वर कसे येणार? खवली तिथूनच येते की.

रानवाट खानापूर
खवलीला तळं लागतच नाही. तिला ओढा आणि खाचरं लागतात. यंदा ती ओढ्यातच विऊ दे. सांडव्याला जाळी ठेवा आणि खाली ओढ्यावर पहिल्या पावसात कुणी आडवी जाळी लावणार नाही, एवढं बघा. तुमच्या वाडीतली पोरं उभी राहिली तरी पुरे.

नदीवेडा
रानवाट यांचं बरोबर आहे. मी ओढ्याचं सुचवलं नव्हतं, पण दोन्ही एकत्र केलं तरच उपयोग.

जांबोटीकर
पोरं तयार होतील, तेवढं मी करतो. पण ठेकेदाराने परत बीज सोडलं तर सगळं पाण्यात. पंचायतीला लेखी द्यायला पाहिजे आणि अर्ज कन्नडमध्ये लागतो. मला वाचता येतं, लिहिताना अडतंय.

बेळगावचा सच्चा
अर्ज मराठीत का घेत नाहीत हा खरा प्रश्न आहे. आपल्या भागात आपल्या भाषेत...

संपादक
सीमाभागाच्या भाषेच्या प्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत. कृपया इथे तळ्यावरच बोलावं.

रानवाट खानापूर
माझी वहिनी कन्नड शाळेत शिकवते, अर्ज लिहून देईल. त्यात दोनच मागण्या घाला. बीज सोडायच्या आधी पंचायतीसमोर परातीत तपासायचं आणि तिलापिया निघाला तर पूर्ण पिशवी परत. खासगी निरोप पाठवते.

शेततळे निपाणी
जाळ्याने पुरं होणार नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. पण करा. ओढून काढलेला मासा फेकू नका, वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात चालतो.

जांबोटीकर
आभार. ओढजाळं कुणाकडे आहे? आमच्याकडे फेकजाळंच आहे.

गडहिंग्लजचा बापू
माझ्या मामांकडं हाय, बारीक डोळ्याचं, लांबीला भरपूर. रविवारी दोन गडी घेऊन येतो. डिझेलचे तेवढे द्या. पिंप तुम्ही भरून ठेवा, आणि डोहापाशी तळाला दगडं हायत का ते आधी सांगा, दगडावर जाळं फाटतंय.